कुंकवाच्या शेजारचे फूल

प्रसंगानुरूप पुष्पभेट: निवड, मांडणी आणि एक राहून गेलेला विचार

पुणे-सोलापूर लोहमार्गावर जेऊर मागे पडले की कुर्डुवाडी येण्यापूर्वी केम हे स्थानक लागते. करमाळा तालुक्यातील हे गाव दोन गोष्टींसाठी पंचक्रोशीबाहेरही ओळखले जाते. एक म्हणजे श्रीउत्तरेश्वराचे देवस्थान आणि दुसरी म्हणजे कुंकू. तीर्थक्षेत्रांच्या बाजारात कुंकवाच्या निमुळत्या लालभडक राशी लागलेल्या असतात, तेव्हा ‘केमचे कुंकू’ हे शब्द विक्रेत्याच्या तोंडून सहज येतात. हे कुंकू कोठे पिकत नाही, ते हळदीपासून घडवावे लागते. पारंपरिक रीतीत हळदीला लिंबाचा रस आणि टाकणखार यांची जोड देतात. हळदीतील पिवळ्या रंगद्रव्याला क्षाराचा स्पर्श झाला की ते लाल होते. म्हणजे तबकात शेजारी शेजारी बसणारी हळद आणि कुंकू ही एकाच कंदाची दोन रूपे आहेत.

त्या तबकात तिसरी वस्तू असते ती फूल. मोगऱ्याचा गजरा, अबोलीची वेणी, गुलाबाचे एखादे टपोरे फूल, काहीच नसेल तर अंगणातली दोन सदाफुलीची फुले. हळद आणि कुंकू करंड्यात वर्षभर टिकतात. सणाच्या दिवशी करंडा उचलून तबकात ठेवला की काम झाले. फुलाचे तसे नाही. ते त्याच दिवसाचे असते आणि म्हणून प्रत्येक वेळी ते नव्याने निवडावे लागते. कोणते घ्यावे, किती घ्यावे, कोणाला द्यावे, कसे ठेवावे, हे सारे प्रश्न फुलाच्याच वाट्याला येतात. यांतील ‘कोणाला द्यावे’ हा प्रश्न आपल्याकडे सर्वांत कमी विचारला जातो, कारण त्याचे उत्तर ठरलेलेच आहे असे गृहीत धरले जाते. तबक बैठकीतून फिरते, एकेका स्त्रीपाशी थांबते आणि एखादीला ओलांडून पुढे जाते. त्या ओलांडण्याचा विचार या लेखात शेवटी येईल. आधी फुलांचा.

निवडीचे तीन निकष

‘फूल ना फुलाची पाकळी’ ही मराठीतील म्हण भेटवस्तूंचे सारे अर्थशास्त्र एका ओळीत सांगते. भेट ऐपतीप्रमाणे असावी. तिचे मोल देणाऱ्याच्या भावनेत असते. तथापि भावना शुद्ध असली तरी निवड चुकू शकते. ती चुकू नये यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात: प्रसंग, व्यक्ती आणि वेळ.

प्रसंग म्हणजे आनंदाचा, आदराचा, सांत्वनाचा की निरोपाचा. व्यक्ती म्हणजे तिचे वय, प्रकृती, घरची रीत आणि आवड. वेळ म्हणजे फूल हातात घेतल्यापासून ते पोहोचून पाहिले जाईपर्यंतचे तास. हा तिसरा निकष बहुधा विसरला जातो. पारिजातक पहाटे गळतो आणि दुपारपर्यंत मलूल होतो. तो संध्याकाळच्या समारंभाला कितीही आवडता असला तरी उपयोगाचा नाही. मोगऱ्याच्या कळ्या दुपारी ओवल्या तर संध्याकाळी गजरा उमलतो; सकाळीच ओवून ठेवला तर समारंभापर्यंत पाकळ्या तांबूस पडतात. अबोलीला सुगंध नाही, पण ती बराच काळ तग धरते. बकुळीचे फूल सुकले तरी त्याचा गंध जात नाही. निशिगंधाची छडी खालून वर उमलत जाते, म्हणून खालची दोन-चार फुले उघडलेली आणि वर कळ्या असलेली छडी घेतली तर ती पुढे कित्येक दिवस घरात फुलत राहते.

करमाळा तालुक्यासारख्या कमी पावसाच्या, कडक उन्हाच्या भागात वेळेचा हा हिशेब अधिकच महत्त्वाचा ठरतो. तळेगाव-मावळ परिसरातील हरितगृहांत वाढलेला लांब दांड्याचा गुलाब शीतगृहातून निघून शहरी दुकानात येतो, तोवर त्याची बडदास्त राखलेली असते. तोच गुलाब एप्रिलच्या दुपारी एस.टी.च्या खिडकीजवळ दोन तास राहिला तर यजमानाच्या हाती पडताना मान टाकतो. त्याच प्रवासात शेवंती, झेंडू किंवा निशिगंध ताठ राहतात. महाग फूल कोमेजून पोहोचण्यापेक्षा साधे फूल टवटवीत पोहोचणे केव्हाही बरे.

घरगुती प्रसंग

मराठी घरांत फुलांची भेट ऋतूशी बांधलेली आहे. चैत्रात गौर झोपाळ्यावर बसते. तिच्यापुढे आरास मांडली जाते, कैरीची डाळ, पन्हे आणि भिजवलेले हरभरे यांबरोबर मोगऱ्याची फुले दिली जातात. उन्हाळ्यात थंडावा देणारा सुगंध हाच या निवडीमागचा विचार. भाद्रपदात गणपतीला लाल जास्वंद आणि दूर्वा, गौरीला तेरडा व शेवंती. दसऱ्याला झेंडूचे तोरण आणि आपट्याची पाने. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस असतात. थंडीत शेवंती भरपूर मिळते आणि गुलाबही चांगला येतो. ज्या ऋतूत जे फूल विपुल, तेच त्या सणाचे फूल झाले. पूर्वजांची ही काटकसर होती आणि सौंदर्यदृष्टीही.

डोहाळजेवणात फुलांच्या भेटीला विशेष मान आहे. गर्भवतीला फुलांचे दागिने घालतात; मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा अशी पूर्ण ‘वाडी’ माहेरची किंवा सासरची मंडळी करून आणतात. येथे निवड करताना तिच्या प्रकृतीकडे आधी पाहावे. या दिवसांत उग्र वासाने मळमळते, तेव्हा निशिगंध व सोनचाफा यांचा भरणा करण्याऐवजी अबोली, शेवंतीच्या पाकळ्या, मोजक्या मोगऱ्याच्या कळ्या अशी सौम्य वाडी करावी. दागिने तारेऐवजी दोऱ्यावर गुंफलेले असावेत, म्हणजे टोचणार नाहीत. बारशाच्या वेळी पाळणा सजवताना फुले बाळाच्या हाताच्या टप्प्याबाहेर बांधावीत. फुलांत लहान किडे असतात. आधी फुले झटकून, निरखून घ्यावीत. कण्हेर दिसायला सुंदर, पण ती विषारी आहे. रांगणारे मूल असलेल्या घरी कण्हेरीची फांदी फुलदाणीत ठेवू नये आणि भेटही देऊ नये.

विवाहात मुंडावळ्या आणि वरमाला ही दोन फुलांची कामे. अलीकडे वरमाला इतक्या जाड आणि जड होतात की वधूवरांना मान वाकवून उभे राहावे लागते. निशिगंधाच्या कळ्यांचा सडसडीत हार, मध्ये गुलाबाचे एक पदक, एवढे पुरेसे दिसते आणि छायाचित्रात चेहरेही झाकत नाहीत. नवविवाहितांच्या घरी प्रथम जाताना गुच्छाऐवजी मोगऱ्याचे किंवा जास्वंदीचे रोप नेले तर पहिल्या वाढदिवसाला त्याच रोपाचे फूल देवापुढे ठेवता येते.

सत्कार, निरोप आणि आजारपण

सार्वजनिक समारंभातील फुलांची कथा थोडी वेगळी आहे. व्यासपीठावर पंधरा-वीस मान्यवर, प्रत्येकाला सेलोफेनमध्ये गुंडाळलेला गुच्छ, स्वागताला अर्धा तास आणि कार्यक्रम संपल्यावर खुर्च्यांखाली पडलेले दहा-बारा गुच्छ, हे दृश्य कोणाही नियमित श्रोत्याला परिचित आहे. त्या गुच्छाच्या तळाशी बहुधा हिरवा स्पंज असतो, ज्याला फुलवाले ओॲसिस म्हणतात. तो एक प्रकारचा प्लॅस्टिकचा फेस आहे. फूल मातीत मिसळते, तो मिसळत नाही. संस्थांनी यावर सोपा उपाय करावा. पाहुण्यांना एकेक सुटे फूल हातात द्यावे आणि उरलेल्या रकमेचे पुस्तक द्यावे, किंवा एकाच मोठ्या पुष्परचनेने व्यासपीठ सजवून तिच्या साक्षीने सर्वांचे शब्दांनी स्वागत करावे.

निवृत्तीचा निरोप समारंभ हा फुलांचा खरा कसोटीचा प्रसंग. पस्तीस-छत्तीस वर्षे कार्यालयात घालवलेला माणूस शेवटच्या दिवशी हार, शाल आणि श्रीफळ घेऊन घरी जातो. बरेचदा अधिकाऱ्याचा हार गुडघ्यापर्यंत येतो आणि त्याच महिन्यात निवृत्त होणाऱ्या शिपायाला एका गुलाबावर निरोप दिला जातो. सेवा दोघांनीही सारखीच वर्षे केलेली असते. फुलांचा आकार पदाप्रमाणे बदलू लागला की भेटीचा हिशेब होतो. हार एकसारखे असावेत. फरक करायचाच असेल तर तो आवडीचा करावा, पदाचा नको.

आजारी व्यक्तीकडे जाताना फूल न्यावे की नाही हे आधी विचारून घ्यावे. अतिदक्षता विभागात बहुतेक ठिकाणी फुले आत नेऊ देत नाहीत. दमा, परागकणांची ॲलर्जी किंवा नुकती शस्त्रक्रिया झालेली असेल तर सुगंधी फुले त्रासदायकच ठरतात. कुंडीतील रोपही रुग्णालयात नेऊ नये, कारण ओलसर मातीत बुरशी असते. रुग्ण घरी आल्यावर त्याच्या उशाशी काचेच्या लहान पेल्यात वास नसलेली दोन-तीन उजळ रंगाची फुले ठेवली तर अंथरुणावरून दिसणारे जग थोडे बदलते. पिवळी शेवंती किंवा जर्बेरा यासाठी उत्तम.

शोकप्रसंगी फुलांनी मौन पाळावे. पांढरी फुले, निशिगंधाचा साधा हार, तुळशीची पाने एवढेच. तसबिरीला चंदनाच्या सालीचा हार घातला जातो तो याच कारणाने. तो कोमेजत नाही आणि रोज बदलावा लागत नाही. अनेक जैन कुटुंबांत प्रार्थनासभेला फुले न आणता त्या रकमेचे जीवदयेसाठी दान करण्याची पद्धत आहे. तशी विनंती केलेली असेल तर ती अक्षरशः पाळावी. अशा वेळी आपल्या हौसेपेक्षा त्या घराची इच्छा मोठी.

एकच फूल, निराळे अर्थ

ज्यांची मुले परदेशी आहेत अशा घरांनी आणखी एक काळजी घ्यावी. आपल्याकडे शेवंती मंगल मानली जाते. गौरीपासून लग्नमंडपापर्यंत तिचा संचार असतो. फ्रान्समध्ये मात्र १ नोव्हेंबरच्या सुमारास लोक दिवंगतांच्या थडग्यांवर शेवंती वाहतात, त्यामुळे जेवणाच्या निमंत्रणाला तेथे कोणी शेवंती नेत नाही. जपानमध्ये पांढरी शेवंती अंत्यविधीशी जोडलेली आहे. रशियात शुभप्रसंगी विषम संख्येने फुले देतात, सम संख्या शोकासाठी राखलेली असते. आपल्याकडेही अहेराच्या पाकिटावर एक रुपया चिकटवतात आणि रक्कम विषम करतात. दूरच्या दोन समाजांना विषम संख्या शुभ वाटावी, ही मौजेची गोष्ट आहे.

आणखी मौज अशी की ज्या फुलांशिवाय आपला सण होत नाही त्यांतली काही मुळात येथली नाहीत. झेंडू आणि निशिगंध अमेरिका खंडातून, मेक्सिकोच्या बाजूने आले. शेवंतीचे मूळ चीनमध्ये. परकी फुले आपल्या देवघरात आली आणि घरची झाली. फुलांच्या बाबतीत समाजाने दाखवलेली ही उदारता माणसांच्या बाबतीतही दाखवता येण्यासारखी आहे.

मांडणी: थोडे शास्त्र, थोडी दृष्टी

भेट मिळालेले फूल कसे ठेवले जाते यावर त्याचे आयुष्य ठरते. घरी आल्याबरोबर गुच्छाचे वेष्टन काढावे. देठाचे टोक तिरपे, शक्य तर पाण्याखाली धरून कापावे. तिरप्या कापामुळे टोक भांड्याच्या तळाला टेकून बंद होत नाही. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत, ती कुजतात आणि पाणी नासते. पाणी रोज बदलावे आणि त्या वेळी देठ पुन्हा थोडे कापावे. पाण्यात चमचाभर साखर आणि लिंबाच्या रसाचे काही थेंब घातले तर फुलाला अन्न मिळते व जंतूंची वाढ मंदावते. जर्बेऱ्याचा देठ लवकर सडतो. त्याला चार बोटे पाणी पुरे. सोनचाफा पाण्याने भरलेल्या काचेच्या बाटलीत बुडवून ठेवला तर बरेच दिवस तसाच दिसतो.

फुलदाणी फळांच्या टोपलीशेजारी ठेवू नये. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो आणि त्याने फुले लवकर म्हातारी होतात. थेट ऊन, पंख्याचा झोत आणि दूरचित्रवाणी संचाची उष्णता यांपासूनही ती दूर असावीत. गजरा दुसऱ्या वेळेसाठी ठेवायचा असेल तर ओलसर कापडात किंवा केळीच्या पानात गुंडाळून थंड जागी ठेवावा.

दृष्टीची बाब अशी की भांड्याच्या उंचीच्या सुमारे दीडपट उंच फूल डोळ्यांना सुखावते. घरातला पितळेचा तांब्या ही उत्तम फुलदाणी आहे. त्याचे अरुंद तोंड देठांना धरून ठेवते. जपानी पुष्परचनेची इकेनोबो परंपरा क्योतो येथील रोक्काकुदो मंदिरात बुद्धापुढे फुले मांडण्यातून वाढली. तिचा एक धडा कोणत्याही घरात उपयोगी पडतो: फुले मोजकी ठेवावीत आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा सोडावी. परातीत पाणी घालून झेंडू-गुलाबाच्या पाकळ्या तरंगत ठेवल्या तर दाराशी शोभा येते. ते पाणी मात्र दुसऱ्या दिवशी झाडांना घालावे, नाहीतर डास होतात.

केमच्या कुंकवाशी थेट संबंध असलेली एक सूचना येथे आवर्जून द्यावीशी आहे. तबकात ओली फुले कुंकवाला लागून ठेवू नयेत. पाणी ठिबकले की कुंकवाचा गोळा होतो, त्याचा डाग पांढऱ्या मोगऱ्यावर उतरतो आणि पुढे साड्यांवर जातो. फुले पंचावर निथळून घ्यावीत आणि तबकात केळीच्या पानाच्या तुकड्यावर वेगळी मांडावीत.

तोडण्याचा विवेक

फुलाविषयी जैन परंपरेने फार सूक्ष्म विचार केला आहे. वनस्पती सजीव आहे, तिलाही इजा होते, ही धारणा असल्याने फूल तोडणे हे सहज हाताला येईल तसे करण्याचे काम उरत नाही. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेतील अष्टप्रकारी पूजेत पुष्पपूजा आहे, पण फुलाला सुई टोचू नये, पाकळ्या कुस्करू नयेत, शक्यतो आपोआप गळलेली फुले घ्यावीत असे वडीलधारे सांगतात. दिगंबर परंपरेत अष्टद्रव्यांपैकी ‘पुष्प’ म्हणून अनेक ठिकाणी केशराने रंगवलेले तांदूळ किंवा लवंगा अर्पण करतात. स्थानकवासी परंपरेत पुष्पपूजा नाही. तीन रीती वेगळ्या, मात्र तिन्हींमागे फुलाच्या जिवाची जाणीव एकच आहे.

कुमारपाळ राजाची कथा बहुतेक घरांत सांगितली जाते. पूर्वजन्मी त्याच्यापाशी स्वतःच्या कमाईच्या केवळ पाच कवड्या होत्या. त्यांची अठरा फुले घेऊन त्याने ती प्रभूला वाहिली आणि पुढील जन्मी अठरा देशांचा अधिपती झाला. कथेचा हिशेब व्याजदराने समजणारा नाही. स्वतःच्या कष्टाचे, मोजके आणि मनापासून दिलेले, एवढाच तिचा अर्थ. भेट देतानाही तोच दंडक ठेवावा. दहा फुलांचे काम तीन फुलांत होत असेल तर सात झाडावरच शोभतात. पर्युषणाच्या दिवसांत ज्या घरी हिरवे वर्ज्य असते त्या घरी गुच्छ नेऊ नये. केशरी अक्षतांची छोटी पुडी किंवा एखादे पुस्तक न्यावे. वापरून झालेली फुले नदी-विहिरीत न टाकता झाडाच्या बुंध्याशी मातीत मिसळावीत. कुंकवाचे निर्माल्यही तेथेच जावे.

आणि फुले विकत घ्यायचीच असतील तर जवळच्या शेतकऱ्याची घ्यावीत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी चढलेला झेंडूचा भाव दसऱ्याच्या दुपारी कोसळतो आणि रस्त्याकडेला न विकल्या गेलेल्या फुलांचे ढीग पडतात, हे चित्र दरवर्षी दिसते. ज्याने ते पिकवले त्याच्या घरीही त्या दिवशी सण असतो.

तबक कोणापाशी थांबत नाही?

आता सुरुवातीस बाजूला ठेवलेला प्रश्न. हळदीकुंकवाचे तबक फिरत असताना पतीचे निधन झालेली स्त्री बहुधा त्या खोलीत नसते. ती स्वयंपाकघरात पन्हे ढवळत असते, पाहुण्यांच्या मुलांना सांभाळत असते किंवा शेजारच्या खोलीत दार लोटून बसलेली असते. चैत्रगौरीची आरास कधी कधी तिनेच मांडलेली असते, गजरेही तिनेच ओवलेले असतात. ओवलेला गजरा मात्र तिच्या केसांत जात नाही.

या रूढीचा तर्क तपासला तर तो टिकत नाही. मंगळसूत्र आणि जोडवी विवाहाने मिळतात, हे खरे. कुंकू, बांगड्या आणि फुले मात्र मुलीला जन्मापासूनच मिळालेली असतात. बारशाला तिला टिकली लावतात, शाळेत जाताना वेणीत अबोली माळतात. जे पतीने आणलेच नव्हते, ते पतीबरोबर जावे कसे? फुलाच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. देवाला, पाहुण्याला, नवजात बाळाला आणि मृतदेहालाही जे फूल चालते, ते तिलाच तेवढे वर्ज्य ठरते.

या विषयाला महाराष्ट्रात जुना इतिहास आहे आणि त्याचे धागे फुलांशीच जुळतात. जोतीराव फुले यांचे घराणे पेशव्यांना फुले पुरवीत असे. त्यावरूनच मूळ आडनाव मागे पडून ‘फुले’ हे नाव रूढ झाले. सावित्रीबाईंच्या पहिल्या कवितासंग्रहाचे नावही ‘काव्यफुले’. तो १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी १८५२ च्या संक्रांतीला पुण्यात सावित्रीबाईंनी स्त्रियांचा तिळगूळ समारंभ भरवला होता, त्यात सर्व जातींच्या स्त्रियांना एकाच जाजमावर बसवण्यात आले. हळदीकुंकवाची बैठक कोणासाठी असते, या प्रश्नाचे ते एक उत्तर होते. पुढे १८६३ मध्ये या दांपत्याने फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी आणि त्यांच्या मुलांच्या रक्षणासाठी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले.

या इतिहासाचे ताजे पान केम ज्या तालुक्यात आहे त्या करमाळ्याशी जोडलेले आहे. करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी करोनाच्या काळात एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीच्या वेळी त्यांच्या पत्नीचे कुंकू पुसताना व बांगड्या फोडताना पाहिले. ते त्यांना सहन झाले नाही. आपल्या मृत्यूनंतर पत्नीवर अशी सक्ती होऊ नये, असे त्यांनी मुद्रांकपत्रावर लिहून ठेवले आणि गावागावांनी ठराव करावा यासाठी प्रयत्न सुरू केले. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी तसा ठराव केला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा गावात बंद करण्याचे त्यात ठरले. त्याच महिन्याच्या १७ तारखेस राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचा आदर्श घ्यावा असे सुचवले.

कागदावरील ठराव घराच्या उंबरठ्याआत येण्यास वेळ लागतो. परिपत्रक तबक फिरवत नाही. ते फिरवणारा हात घरातल्या सुनेचा, सासूचा, जावेचा असतो. कुंकवाचा आग्रह प्रत्येकीला धरावा असेही नाही. वर्षानुवर्षे न लावलेल्या एखाद्या वृद्धेला चारचौघींत कुंकू पुढे केल्याने संकोच वाटेल, डोळ्यांत पाणीही येईल. तिची इच्छा तिच्यापाशी राहावी. येथेच फूल उपयोगी पडते. फूल काहीच सिद्ध करायला लावत नाही. ते कपाळावर दिसत नाही, हातात धरता येते, वाटले तर केसांत माळता येते, नाही वाटले तर देवापुढे ठेवता येते. म्हणून सुरुवात फुलाने करावी. आतल्या खोलीतून तिला बाहेर बोलवावे, इतरांच्या बरोबरीने बसवावे आणि इतरांना दिले तेच फूल, त्याच आकाराचे, त्याच हाताने तिला द्यावे. एक सुटे पांढरे फूल वेगळे काढून तिच्यासाठी ठेवले तर त्यात भेद पुन्हा आलाच.

हे करण्यास नवा खर्च लागत नाही. पंचवीस गजरे आणायचे तेथे सव्वीस आणावे लागतील, एवढेच.

कुंकवाचा करंडा वर्षभर तसाच राहील. फूल मात्र पुढच्या हळदीकुंकवाला पुन्हा निवडावे लागेल. मोगरा की शेवंती, दोऱ्यावर की देठासह, तांब्यात की परातीत, हे प्रश्न तेव्हा पुन्हा येतील आणि त्यांची उत्तरे सोपी आहेत. मांडणी पुरी झाल्यावर, तबक उचलण्यापूर्वी यजमानीणबाईंनी एकदा बैठकीतील स्त्रिया मोजाव्यात, मग स्वयंपाकघरातल्या मोजाव्यात आणि मगच गजरे पुरतात का ते पाहावे.